टेस्टिंग, शनिवार दुपार

पेला दांडीला धरा, म्हणते मी,
पोटाला नको, हाताची ऊब लागते.
हलवा. हुंगा. घाई नको.
बाणेरहून आलेले आठजण
निमूट बोटं खाली सरकवतात.

कार्डावर छापलंय : ब्लॅकबेरी, ओक, जुनं चामडं.
ब्लॅकबेरी मी पाहिलेली नाही.
मनात म्हणते करवंद,
हडसरच्या वाटेवरचं, चिकाचं.

चौथी वाइन. एकजण घोट घोळवून
बादलीत थुंकतो, शिकवल्यासारखा.
एवढी महाग चूळ
नारायणगावात आधी कुणी भरली नसेल.

मग ती चष्मेवाली, बिल्ल्यावरचं नाव वाचून :
"तुम्हाला कसला वास येतो, औटीताई?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

नाक पेल्यात घालते.
मोरचुदाचा.
फवारणीवरून आलेल्या अण्णांच्या सदऱ्याचा,
निळ्या डागांचा तो सदरा
आई वेगळ्या दोरीवर वाळत घालायची,
आणि आम्ही द्राक्षं मात्र
न धुताच खायचो, घडाला तोंड लावून.

"ब्लॅकबेरी," म्हणते मी.

ती पेला माझ्याकडे परत सरकवते.
"पुन्हा घ्या.
घाई नको."