एक की नऊ

आकडे कृत्तिकाला आम्ही शिकवले नाहीत.
ते तिने सोहारच्या पार्किंगमधून उचलले,
पिवळ्या नंबरप्लेटांवरून.
एकीकडे अरबी, एकीकडे इंग्रजी,
कडेवर बसून, अडीच वर्षांची,
जुळवत गेली,
मी मटार सोलत बसावं तशी, निवांत.

आता साडेचार.
आता बकाल्यात दुधाच्या खोक्यावरची तारीख वाचून
कुंजिकोयाला बजावते, "हे उद्या संपणार."
तो दूध बदलून देतो आणि मला म्हणतो,
चेची, हिला कॉलेजात घाला.

श्रीरंग रात्रपाळीहून येतो,
शर्टाला रिफायनरीचा वास,
बूट न काढताच म्हणतो, "सरळ पहिलीत.
दोन वर्षांची फी वाचेल."
मग फीचं बोलल्याबद्दल स्वतःच ओशाळतो,
लेस सोडायला खाली वाकतो, बराच वेळ वाकलेला राहतो.

मस्कतला एक ब्रिटिश शाळा आहे.
दोनशे किलोमीटर, आणि फीचा आकडा असा
की आम्ही दोघांनी तो मनातच वाचला.
मोठ्याने वाचला कृत्तिकाने.

"घरीच शिकव की," मिरजेहून नणंद,
"तुला तिथं काय काम असतं?"
मी फोन कानापासून जरा लांब धरला.
माझ्या एमएस्सीची फाइल
कपाटात आहे, पासपोर्टांच्या खाली.

मुलाखतीला मिसेस कुरियननी
पहिलीचं पुस्तक दिलं. तिने वाचलं.
दुसरीचं दिलं. तेही वाचलं,
वर सांगितलं, शेवटचं पान फाटलंय.
मग त्यांनी खणातून एक डबा काढला, क्लिपांचा,
आणि म्हणाल्या, "उघड."

कृत्तिकाने झाकणावरचं कंपनीचं नाव वाचलं.
मग माझ्याकडे पाहिलं.
मी टेबलाखाली
एका हाताने दुसरा धरून ठेवला.

"पहिलीत डबा उघडून द्यायला कोणी नसतं,"
मिसेस कुरियन म्हणाल्या. "केजीत आया असते."
एवढंच. हो नाही, नाही नाही.

बाहेर बाकावर एक मुलगा रडत होता,
तिच्याच उंचीचा, नाक वाहणारा.
ती शेजारी बसली, आणि त्याला
भिंतीवरच्या लाल सिलिंडरची सूचना वाचून दाखवली.
पिन ओढा. नळी आगीकडे धरा. दांडा दाबा.
तो ऐकता ऐकता गप्प झाला.
मग तिच्या बाटलीचं घट्ट झाकण
त्याने एका झटक्यात फिरवून दिलं.

खिडकीवर फॉर्म. इयत्तेची चौकट.
किराणा-यादीच्या सवयीने
माझ्या हाताने मराठी आकडा काढला: १.

शम्साने तो पाहिला. मान पुढे काढून
काउंटरखालच्या कृत्तिकाला पाहिलं.
"नववीत?"
आणि हसू लागली, इतकी, की तिला चष्मा काढावा लागला.

टाचा उंचावून कृत्तिका म्हणाली,
"आमचा एक म्हणजे तुमचा नऊ."

शम्साचं हसू थांबलं.
तिने डोळे पुसले, कागद माझ्याकडे सरकवला.
"मग कोणता धरू?"

मी वळून पाहिलं तोवर
कृत्तिका बाकावर परत पोचली होती.
ती आणि तो मुलगा बुटांचं वेल्क्रो
उघडत होते, चिकटवत होते, पुन्हा उघडत होते,
नुसत्या त्या आवाजासाठी.

एकावर काट मारली.
केजी लिहिलं. पुढचा आकडा पेन्सिलीने.

घरी जाताना सिग्नलला
पुढे तीन गाड्या उभ्या होत्या.
तिने एकही नंबर वाचला नाही.
मी दोनदा आरशात पाहिलं.
मागून वेल्क्रोचा आवाज येत राहिला.