पालथं, उताणं

कारेलीबागेत, दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये
सत्तावीस बायका, एक पंखा,
टेबलावर रबराचं बाळ.
त्याला नाव नाही, टाचेवर नंबर आहे.

फॉर्मवर विचारलंय, शिक्षण.
लिहिलं, नववी.
शाळेतल्या बाई म्हणायच्या, ही पोर म्हणजे
पालथ्या घड्यावर पाणी.
फॉर्मवर विचारलंय, अनुभव, पुराव्यासह.
एक पुरावा कॅनडात आहे.
दुसरा सूरसागरपाशी स्कूटर लावून फाफडा खातो,
मला ओळखत नाही.

एकोणीस वर्षं दांडिया बाजारातलं पाळणाघर.
जिन्यावरच्या चपलांवरून मला कळतं
आज कुणाची आई रडून आलीय.
हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

त्रिवेदीबेन भराभर शिकवतात, अर्धं गुजरातीत.
छातीच्या मधोमध दोन बोटं, तीस वेळा.
घशात अडकलं तर डोकं खाली, पाठीवर पाच थापा.
हे मला येत होतं.
एका शेंगदाण्यानं शिकवलं होतं,
पुरते दोन दिवस हात थरथरत होते.

मग म्हणाल्या, वर्षाच्या आत मध नाही,
चाटवायलासुद्धा नाही.
आणि बाळ झोपवायचं ते उताणं.
पालथं कधीच नाही.

मी हात वर केला.
पण बेन, पालथं घातलं की गाढ झोपतं ना?
त्या म्हणाल्या, हो.
म्हणूनच.

त्या रात्री मी मोजत बसले.
विहंग. ईशानी. शहांची जुळी.
तो कायम सर्दीवाला, देवरुखकरांचा.
माझ्याच हातानं पालथी घातलेली,
थोपटून थोपटून.
सगळी उठली होती. एकूण एक
दूध मागत उठली होती.
तरी मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.
कुणाच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं होतं
आणि कुणाच्या नाही,
काही केल्या आठवेना.
हे अंधारातच म्हणाले, परीक्षेचं टेन्शन?
हो म्हटलं.

पन्नासपैकी छत्तीस मिळाले.
सर्टिफिकेटवर निंबाळकरचं लिंबाळकर झालंय.
मालकीणबाईंनी तसंच फ्रेम करून लावलं,
तपासणीला येणाऱ्यांना दिसेल असं.

सोमवारी दुपारी पडदे ओढले.
अडीच महिन्यांची ध्वनी, पटेलांची,
सवयीनं माझा तळवा तिच्या पोटाखाली गेलेला.
काढला.
उताणी ठेवली.
ती काही झोपेना. बराच वेळ पंख्याकडे,
मग माझ्याकडे बघत राहिली.
मीही तिथेच बसून राहिले.