सांगोवांगी नाही

आचाओहून लाँच सुटली तेव्हा
राउटर माझ्या मांडीवर होता, घोंगडीत गुंडाळलेला.
शेजारच्या बाईच्या मांडीवर जिवंत कोंबडी.
"तुमच्यात काय आहे?"
"वाटा सांगणारं यंत्र," मी म्हणाले.
ती हसली.
आमच्या बेटावर वाट एकच आहे, म्हणाली,
तीही पाऊस पडला की नसते.

शाळेत शेगडीत ओलं तेपूचं लाकूड धुमसत होतं.
पोरं फुटबॉलला गेलेली.
एलिसेओ नावेलकिन तेवढा मागे,
कारण त्याचा घोटा मुरगळलेला.
पाय खुर्चीवर ठेवून तो माझ्या खांद्यावरून बघत राहिला.

वर्गाची तार पहिल्या पोर्टात घातली.
पत्ता दिला: दहा, चार, सात, एक.
झोपलेलं पोर्ट उठवलं. हिरवा ठिपका.
मग तक्ता मागवला.

दोन ओळी आल्या.
पहिलीच्या आधी सी: हे जाळं मला लागून आहे.
दुसरीच्या आधी एल: आणि त्यातला हा पत्ता, तो मी.

"हे त्याला कुणी सांगितलं?"
कुणीच नाही.
"मग कळलं कसं?"
तुझ्या घोट्याचं दुखणं तुला कुणी सांगितलं?

यावर तो गप्प. म्हणून मी जास्तच बोलले:
दुसऱ्या राउटरनं कळवलेल्या वाटेचं अंतर
एकशेदहा, एकशेवीस, ज्याची त्याची भाषा तसं.
मी हातानं लिहून दिली तर एक.
आणि जे अंगाला लागून आहे त्याचं शून्य.
हे मैल नव्हेत रे.
हे अविश्वासाचं माप आहे.

मग दवाखान्याची तार. दुसरं पोर्ट.
पत्ता दिला, पोर्ट उठवलं, तक्ता मागवला.
पुन्हा त्याच दोन ओळी.
पत्ता तपासला. बरोबर. तार बदलली.
नर्स एर्मेलिंदाला फोन केला:
"तुमच्याकडचा डबा चालू आहे ना?"
"आहे तर."
राउटर ऐकेना.
तो फोनवर विश्वास ठेवत नाही.

चिखलातून गेले. दोनशे पावलं, एक कुंपण, एक चिडका हंस.
दवाखान्यात किटली उकळत होती,
डब्याच्या जागी लावलेली.
एर्मेलिंदा म्हणाली, "चहा घ्या."
घेतला. मग डबा लावला.

परत आले तर दारातूनच ऐकू आलं:
"आली! दुसरी सी आली! एलसकट!"

वर्ग आणि दवाखाना यांच्यामधली वाट
मी कुठेही लिहिली नव्हती.
दोन्ही आपली, एवढंच यंत्राला ठाऊक होतं.
वर्गातून हाक मारली,
किटलीशेजारच्या संगणकानं ओ दिली.

शेवटी ती एक ओळ लिहिली, सगळी शून्यं:
जे कुठलं ते माहीत नाही,
ते आचाओच्या मनोऱ्याकडे धाड.

"बाबा आयसेनला आहेत," एलिसेओ म्हणाला.
"माशांच्या पिंजऱ्यांवर.
मार्चमध्ये येणार, असं काका आईला म्हणाले.
आईनं मला सांगितलं."

मी केबलची भेंडोळी करत होते.
तो मोजत होता, मला दिसत होतं.
काका, आई.

मग त्यानं वर्गाची तार उपटली.
दोन्ही ओळी गेल्या,
जाळं गेलं आणि त्यातला "मी"ही गेला.
ना रडारड, ना "थोड्या वेळानं बघू".
तार घातली. आल्या.
उपटली. गेल्या.
घातली.
मी त्याला थांबवायला हवं होतं.
सातव्या वेळी क्लिप तुटली.

लाँच चारला सुटते. साडेतीन झालेले.
पिशवीत दोनच क्लिपा होत्या.
एक दाबून बसवली, चिमट्याचा कडक आवाज झाला.
दुसरी त्याच्या तळहातावर ठेवली
आणि आठ रंगीत तारांचा क्रम
त्याच्या प्लास्टरवर पेनानं लिहून दिला.