हातचा

मार्केट यार्ड, गाळा नंबर चौदा.
भूपाल मगदुमांचा वजनकाटा दसऱ्याला बंद पडला.
त्यातली चिप आता कुठे मिळत नाही,
ती बसवणाऱ्या कारखान्याच्या जागी उद्यमनगरात
गाड्या धुतात.
म्हणून मी तिचं सोंग लिहिलं:
आत जुनाच प्रोग्रॅम, भोवती माझा खोटा प्रोसेसर.
प्रोग्रॅमला कळलेलं नाही आपण कुठे नांदतोय.

चालतं सगळं.
फक्त बेरीज कधीमधी सहानं कमी.
सहा किलो गूळ.
मगदूम काही बोलत नाहीत,
अडकित्ता तेवढा जोरात वाजतो.

रात्री अकरा. गांधीलमाश्याही निजल्यात रव्यांवर.
मी त्याला एकेक पाऊल टाकायला लावते.
एक सूचना, थांब.
एक सूचना, थांब.
थांबला की खिसे तपासते:
एमध्ये अठ्ठावीस, बीमध्ये एकोणीस,
एचएल कुठल्याशा पत्त्यावर बोट ठेवून उभा.
पत्ता उघडते.
सोळा-सोळाच्या ओळी, एफएफ, एफएफ, एफएफ,
आणि मधेच एकोणतीस, चाळीस.
काटा बंद पडायच्या आधीचा शेवटचा रवा,
अजून कुणी उतरवलेला नाही.

दस्तगीर हमाल मागे येऊन उभा राहतो.
“काय आलं?”
“एक्केचाळीस.”
तो बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवतो.
“आट नि नऊ सतरा. सात मांडलं, हातचा एक.
हातचा तर घेतलाय त्यानं.
सात कुटं गेलं?”

कसं सांगू? यंत्र सोळाला हातचा घेतं,
आपण दहाला.
मधले सहा परत द्यायचे असतात,
आणि ते विसरू नयेत म्हणून
फ्लॅगच्या रजिस्टरात एक बारीकशी खूण:
अर्धा हातचा.

पुन्हा मागे. पुन्हा बेरीज.
खूण उठते.
पुढच्याच ओळीत कुणीतरी ती पुसतं.
ओळ माझी. तीन आठवड्यांपूर्वीची,
चहा निवायच्या आत लिहिलेली.

म्हणून सोळाच्या खाली सगळं सुरळीत.
आठ नि आठ, आठ नि नऊ, नऊ नि नऊ आले
की सहा गायब.
आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी
गाळ्याच्या दारात हमालांच्या पिशव्या
उलट्या करून बघितल्या जात होत्या.
हे मला आत्ता कळतंय,
तो आपली पिशवी काखेत घट्ट धरून उभा आहे तेव्हा.

ओळ खोडते. चालवते.
सत्तेचाळीस.

दस्तगीर स्वतःच काट्यावर चढतो,
त्रेपन्न बघतो, उतरतो.
“सकाळी शेटस्नी तूच सांग, ताई.
माज्या पेरांवर त्यांचा इस्वास न्हाई.”

तो गेल्यावर दिवा मालवायला उठते.
खांबावर खडूनं, गेल्या मंगळवारच्या खाली,
अठ्ठावीस, एकोणीस,
आणि रेघ मारून
सत्तेचाळीस.