आधी पत्रा तापव

डिसेंबरात ताम्पेरेचा दिवस तीनलाच मिटतो.
तळघरात यंत्रं घुरघुरतात,
आणि त्यांच्या आत वितळलेल्या निकेलचा एक थेंब
परवापासून खाली येतोय.

खरा थेंब पापणी लवायच्या आत
हजारदा पडला असता,
पसरून, थिजून, गार होऊन मोकळा.
माझा अजून हवेत.
त्याच्या वाटेवर मी वीस लाख चौकटी आखल्यात;
प्रत्येक चौकट शेजारणीला विचारते,
तुझ्याकडे ऊब किती, मला किती देशील?
हिशेब जुळला नाही की पुन्हा विचारते.

आज पहाटे टेकला.
गोल, गुळगुळीत, कडेला किंचित उचललेला,
शहाण्यासारखा थिजला.
चित्र छापून मी तौनोकडे गेले.
एकतीस वर्षं फवाऱ्याची बंदूक धरलेला माणूस,
बोलायला पैसे पडतात असा.

त्यानं त्याची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.
माझा गोल तिथं नव्हताच.
मधे एक टिकली, भोवती बोटं फुटलेली,
त्यापलीकडे नुसते शिंतोडे.
कुणी अंगावर खेकसल्यावर होतं तसं.

‘पत्रा गार होता,’ तौनो म्हणाला.
बऱ्याच वेळानं: ‘गार पत्र्यावर पाणी असतं.
दिसत नाही. असतं.’
हातमोजे काढता काढता:
‘आधी पत्रा तापव. मग थेंब टाक.’

माझ्या समीकरणांत पत्रा होता की!
जाडी, घनता, खडबडीतपणा, सगळं.
फक्त त्याच्या अंगावर
हवेतलं काय काय येऊन बसलंय
ते मी शून्य धरलं होतं.

नववर्षाच्या रात्री आई पळीत कथील वितळवायची,
बादलीतल्या पाण्यात ओतायची,
निघेल तो आकार मेणबत्तीपुढे धरून
भिंतीवरच्या सावलीत येणारं वर्ष बघायची.
जहाज निघालं तर प्रवास.
वडील ओउलूला कायमचे गेले त्या वर्षी
बादलीत नुसता चुरा.
मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
‘पाणी फार गार होतं,’ ती म्हणाली, ‘इतकंच.’
आणि बादली अंगणातल्या बर्फावर रिकामी केली.

दुपारी मी एक ओळ वाढवली:
पत्रा तीनशे अंश.
आणखी एक, न दिसणाऱ्या पाण्यासाठी.
थेंब पुन्हा वर नेऊन ठेवला.
आता चार दिवस.

तौनो कॉफी ठेवून गेला, न बोलता.
धरल्यावर कळलं,
कप त्यानं आधी कढत पाण्यानं विसळून आणला होता.