चुन्याची रेघ

सूरच्या खाडीकाठी आमचं मैदान होतं तेव्हा
गवत कुणी पाहिलं नव्हतं.
ड्रेजरने समुद्राच्या पोटातून उपसलेली वाळू,
तिच्यावर जळकं तेल शिंपडलेलं, उडू नये म्हणून.
घसरून बॉल काढला की मांडी काळी,
आणि कधी अख्खा शिंपला गुडघ्यात.
रशीद बिन जुमाच्या गुडघ्यात तुकडा अजून आहे,
नातवंडांना तो बोट लावून बघायला देतो.

मैदान मोजलं ते यूस्टने,
ड्रेजरवरचा बेल्जियमचा सर्व्हेअर, कान कायम सोललेले.
त्याच्या गावी बिटाच्या शेतामागे एक क्लब होता,
चौथ्या डिव्हिजनमधला, तोही कसाबसा,
बाप त्याचा दारावर तिकिटं फाडायचा.
तिथून एक खोकं आलं जुन्या जर्सींचं,
पिवळ्या-निळ्या, लोकरीच्या.
लोकरीच्या! जून महिन्यात!
पोरांनी बाह्या कापल्या आणि घातल्या.

मी हर्णैचा. बाप जाळी विणायचा,
म्हणून गोलची जाळी माझ्याकडे आली.
मला येत होती तीच विणली, सुरमईची.
पहिला गोल बसला तो आत अडकूनच राहिला,
गोलकीपर सोडवतोय, दोन्ही बाजू हसतायत.
मग चुनाही माझ्याकडे. दोन खुंट्या, एक दोरा,
कमरेत वाकून उलटं चालायचं.
पोरं मला अबू खैत म्हणायला लागली,
दोऱ्याचा बाप.
घरी खरी तीन मुलं होती, त्यांनी मला
दोन वर्षांतून एकदा पाहिलं.

शहात्तर साली क्लबची नोंद झाली. क्रमांक एकोणतीस.
तो आम्ही फाटकावर रंगवला, पाण्याच्या टाकीवर रंगवला,
चहाच्या किटलीवर खिळ्याने कोरला.
वर कधी चढलो नाही.
एकदा निझवाच्या संघाला हरवलं, त्यांची बस वाटेत बिघडली होती,
आठजणच पोचले होते. तरी हरवलं ते हरवलं.
तो कप खजुराच्या डब्यासारखा दिसायचा.

मग खाडीपलीकडच्या क्लबशी एकत्र व्हायचं ठरलं.
मजलिसमध्ये रात्रभर कहवा फिरला.
नियम असा, की दोन क्लब एक झाले तर
नंबर एकाचाच राहतो.
सतरा हात त्यांच्या नंबरला, चौदा आमच्या.
माझा हात धरला नाही, मी बताकावाला परदेशी.
कप पिकअपमध्ये गेले, एकाचं झाकण सापडेना,
ते अजून सापडलेलं नाही.
नवं स्टेडियम हायवेला झालं, हिरवं, दिव्यांचं.
तिथे रेघा मशीन मारतं.

पुढच्या वर्षी यूस्टचं पत्र आलं.
डिसिल्व्हाने वाचून दाखवलं, कारकुनी आवाजात.
त्यांचाही क्लब शेजारच्यात बुडाला म्हणे,
मैदानावर घरं उठली, लाल कौलांची, एकसारखी.
नंबर बापाच्या नंतर गेला हे बरं, असं लिहिलं होतं.
आणि खाली: तुमचा एकोणतीस आहे ना?
मी सांगितलं, लिही, आहे.
डिसिल्व्हाने चष्म्यावरून बघितलं.
लिही रे, म्हटलं. आणि लिही की वाळू तशीच आहे.

वाळूवर तेव्हा डांबर पडत होतं.
मोठ्या दुकानाचं पार्किंग.
पट्टे मारायला अनुभवी माणूस हवा म्हणून
मलाच बोलावलं, रोजावर.
रात्री काम, उन्हात रंग फुगतो.
अडीच मीटर, पाच मीटर, अडीच मीटर.
ट्रॉल्या ठेवतात तिथे पेनल्टीची जागा, मला ठाऊक,
कुणाला सांगितलं नाही.
सगळं नीट चाललं होतं.
खाडीकडच्या टोकाला पोचलो
आणि हात आपोआप वळला,
पाव गोल, एक यार्ड, कॉर्नरचा.

पिल्ले सुपरवायझर ओरडत आला.
थिनर आणला, चिंध्या आणल्या,
दोघं गुडघ्यावर बसून पुसत राहिलो.
सगळा निघाला नाही.
गाडी उभी राहिली की दिसत नाही, तो म्हणाला,
आणि किटलीतला चहा मला आधी दिला.