घेटुळीचं पाणी

मांजलपूरच्या आमच्या टेनामेंटमागे
पावणेदोन हात जागा आहे.
तिथे मी कधी काही लावलं नव्हतं.
विश्वामित्रीचं पाणी घरात शिरून गेलं त्या वर्षी
चिखल सुकला, तडकला,
आणि भेगेतून ही वर आली.
जमिनीलाच चिकटून, ताटलीसारखी गोल,
लाल देठ, पानाची पाठ जरा पांढुरकी.
उपटायला वाकले
तर भिंतीपलीकडून मधुकांताबेन ओरडल्या,
"रहेवा दो! साटोडी छे. सोजा माटे बहु सारी."
अहो, ही तर आमची घेटुळी.
धुळ्याला आई बांधावरची खुडून आणायची.

सूज तेव्हा घरात होतीच.
ह्यांच्या नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा,
तो भरून येईपर्यंत
मी बत्तीस आकडे मोजायची.
मग काय,
चहाचा चोथा, तांदुळाचं धुवण घालून वाढवली तिला.
कोवळे शेंडे, भिजवलेली मूगडाळ, ठेचलेली लसूण,
गुळाचा एवढासा खडा.
मंगळवारी आणि शनिवारी.
"कडवट आहे," म्हणायचे
आणि दुसरी भाकरी मागायचे.
एकदा आकडा चोवीसवर आला
तेव्हा मधुकांताबेनना वाटीभर भाजी दिली,
वर त्यांच्या साडीला फॉल लावून दिला, फुकट.

डॉक्टर अंजारियांनी रिपोर्ट
टेबलावरून माझ्याकडे वळवला.
पोटॅशियम. पालेभाज्या बंद.
ही तर सगळ्यात आधी.
ह्यांना तिथेच हसू फुटलं.
"एकतीस वर्षं खताच्या कारखान्यात
पोटॅशची पोती मोजली, साहेब,
एक दाणा घरी आणला नाही.
आणि चोरी निघाली ती रक्तात!"
मला हसू आलं नाही.
रिक्षात मी मंगळवार मोजत होते.

घरी येऊन खुरपं घेतलं.
ओढली, तर वरचं वर हातात आलं,
मूळ खाली तसंच, अंगठ्याएवढं जाड.
आठ दिवसांत पुन्हा पानं.
आणि आता एका जागी नाही,
मागच्या दारापासून पुढच्या फाटकापर्यंत
फरश्यांच्या सांध्यांतून,
जिथे जिथे हे संध्याकाळी चालतात
(चाळीस पावलं, मग भिंतीला टेकायचं)
तिथे तिथे.
बी चिकट असतं तिचं.
ह्यांच्या पायजम्याच्या दुमडीत
काल अकरा बिया होत्या.
झटकल्या नाहीत मी.

डायलिसिसच्या तिथे
आहार सांगणारी किंजल म्हणून पोरसवदा मुलगी आहे.
म्हणाली, मावशी, अगदीच राहवत नसेल
तर चिरून भिजत घाला, उकळा, पाणी काढा,
पुन्हा उकळा, पुन्हा काढा.
मग दोन चमचे. महिन्यातून एकदा.

दोनदा पाणी काढल्यावर काय उरतं?
हिरवा चोथा. आणि लसणीचा वास.
हे ते दोन चमचे
पुरवून पुरवून खातात,
बोट चाटतात,
आणि जरा रुसल्यासारखं म्हणतात,
"कडवट नाही लागत गं आता."

ते पाणी मी मोरीत ओतत नाही.
पातेलं मागे नेते, निवू देते,
आणि तिच्याच मुळाशी रिकामं करते.
खिडकीतून विचारणा होते,
"खत घातलंस का?"
"घातलं."
"किती?"
अगदी गोदामातला आवाज, पेन्सिल कानावर.
मी पातेलं तिरपं करून
उगाच आत बघते.
"पोतंभर," म्हणते.